भूकंप, त्सुनामी, अणुभट्टी : लोक कसे वागले आणि का?

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर ११ मार्च २०११ रोजी एकापाठोपाठ तीन संकटे कोसळली. दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी सेंदाई शहराच्या पूर्वेस सुमारे १३० किलोमीटर अंतरावर समुद्रतळाखाली ९.० प्रतीचा भूकंप झाला. अर्ध्या-पाऊण तासात त्सुनामीच्या लाटा किनाऱ्यावर येऊन धडकल्या. त्याच लाटांनी फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्राची वीज आणि त्याबरोबर अणुभट्ट्या थंड ठेवणारी यंत्रणा बंद पाडली, आणि पुढचे कित्येक आठवडे सारे जग त्या केंद्राकडे श्वास रोखून पाहत राहिले.

या घटनेवर भूकंपशास्त्राच्या आणि अणुविज्ञानाच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे आपण तिच्याकडे वेगळ्या बाजूने पाहू. या तीन संकटांना लोकांनी दिलेला प्रतिसाद एकसारखा नव्हता. भूकंपात लोक बऱ्याच अंशी शांत आणि शिस्तीत वागले. त्सुनामीच्या वेळी काही ठिकाणी गरजेपेक्षा कमी घाबरले. किरणोत्सर्गाच्या बाबतीत मात्र हजारो किलोमीटर दूरचे लोकही भयभीत झाले. माणसे तीच, देश तोच, दिवसही तोच. मग हा फरक का पडला? या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांच्या कामाशी फार जवळून निगडित आहे.

भूकंप : सरावाचे फळ

मोठी आपत्ती आली की लोक बेभान होऊन पळत सुटतात, लुटालूट करतात, असा एक सर्वसाधारण समज आहे. चित्रपटांनी तो पक्का केला आहे. परंतु आपत्तींचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांना वेगळेच आढळले. एन्रिको क्वारांतेली या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने अनेक दशके अशा घटनांचा अभ्यास करून दाखवले, की खरीखुरी चेंगराचेंगरी किंवा घबराट ही आपत्तीत क्वचितच दिसते. बहुतेक माणसे आपल्या जवळच्यांना शोधतात, शेजाऱ्याला हात देतात आणि मिळेल त्या माहितीवरून निर्णय घेतात.

११ मार्चला टोकियोत हेच दिसले. लोहमार्ग बंद पडल्यामुळे राजधानीच्या परिसरात लाखो माणसे अडकली. त्यांतील कित्येकजण रात्रभर चालत घरी गेले. दुकानांपुढे रांगा लागल्या आणि त्या रांगाच राहिल्या. पुष्कळांनी याचे श्रेय ‘जपानी स्वभावा’ला दिले. स्वभावाचा वाटा असेलही. पण अधिक साधे कारण असे, की जपानी मूल बालवाडीपासून भूकंपाचा सराव करते. जमीन हलू लागताच टेबलाखाली जायचे, डोके झाकायचे, हादरे थांबल्यावर रांगेने बाहेर पडायचे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. शिवाय भूकंप हा प्रत्यक्ष जाणवतो. तो केव्हा सुरू झाला आणि केव्हा थांबला, हे कोणी सांगावे लागत नाही.

त्सुनामी : आकड्यावर विसंबलेले लोक

जपानच्या हवामान खात्याने भूकंपानंतर अवघ्या तीन मिनिटांत त्सुनामीचा इशारा दिला. एवढी तत्परता जगात क्वचितच आढळेल. परंतु त्या पहिल्या अंदाजात भूकंपाची प्रत ७.९ धरली गेली होती. अतिप्रचंड भूकंपाची पूर्ण शक्ती पहिल्या काही मिनिटांच्या नोंदींतून कळत नाही, हे त्याचे कारण. प्रतीतील १.१ चा फरक लहान वाटतो. पण प्रत एकने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. त्या हिशेबाने ७.९ आणि ९.० यांच्या ऊर्जेत सुमारे ४५ पटींचा फरक पडतो.

या कमी अंदाजामुळे इवाते आणि फुकुशिमा या प्रांतांसाठी ‘३ मीटर’ उंचीची लाट येईल असे जाहीर झाले. समुद्रालगत उंच भिंती बांधलेल्या गावांत हा आकडा ऐकून काहीजण निर्धास्त झाले. अर्ध्या तासाच्या आत आकडा वाढवला गेला, पण तोवर कित्येक ठिकाणी वीज गेलेली होती आणि सुधारलेला इशारा अनेकांपर्यंत पोहोचलाच नाही. प्रत्यक्षात काही ठिकाणी पाणी ४० मीटरच्या आसपास उंचीपर्यंत चढले. या आपत्तीत सुमारे १५,९०० माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे २,५०० बेपत्ता झाली. मृतांपैकी दहात नऊजण बुडून गेले होते.

दोन गावांतील शाळांची हकिगत प्रत्येक शिक्षकाने जाणून घ्यावी अशी आहे.

कामाइशी हे इवाते प्रांतातील बंदर. तेथे ६३ मीटर खोल पाण्यात बांधलेला, जगातील सर्वांत खोल म्हणून गाजलेला लाटरोधक बांध २००९ मध्ये पुरा झाला होता. गुन्मा विद्यापीठातील प्राध्यापक तोशिताका कातादा काही वर्षे तेथील शाळांबरोबर काम करीत होते. त्यांनी मुलांना तीन गोष्टी शिकवल्या होत्या : नकाशावर दाखवलेल्या धोक्याच्या रेषेवर विसंबू नका, त्या क्षणी जे उत्तमात उत्तम करता येईल ते करा, आणि इतरांची वाट न पाहता सर्वांत आधी पळा. उनोसुमाई भागातील प्राथमिक आणि माध्यमिक शाळा नकाशानुसार सुरक्षित क्षेत्रात होत्या. तरी मोठी मुले धावत सुटली. त्यांना पाहून धाकटी मुलेही निघाली. ठरलेल्या जागी पोहोचल्यावरही ती जागा पुरेशी उंच नाही असे दिसताच ती आणखी वर गेली. मागे शाळेची इमारत पाण्याखाली गेली. लाटरोधक बांध फुटला आणि शहरातील हजाराच्या घरात माणसे गेली. पण त्या दिवशी शाळांत असलेली जवळजवळ तीन हजार मुले वाचली.

दुसरी शाळा इशिनोमाकी शहराच्या हद्दीतील ओकावा प्राथमिक शाळा. ती नदीकाठी, समुद्रापासून सुमारे ४ किलोमीटर आत होती. धोक्याच्या नकाशात तीही सुरक्षित दाखवलेली होती. भूकंपानंतर शिक्षकांनी मुलांना शिस्तीत मैदानावर जमवले. शाळेमागे टेकडी होती. पण तीवर चढावे की नाही, हे ठरण्यात पाऊण तास गेला. शेवटी सर्वजण पुलाजवळच्या थोड्या उंच जागेकडे निघाले आणि वाटेतच पाण्याने गाठले. ७४ मुले आणि १० शिक्षक गेले. पालकांनी दाद मागितली, तेव्हा सेंदाई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शहर आणि प्रांत प्रशासनाला जबाबदार धरले : शाळेची आपत्तीयोजनाच अपुरी होती, आणि ती तपासण्याचे काम आपत्तीपूर्वीच व्हायला हवे होते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम ठेवला.

या दोन शाळांतील फरक धैर्याचा किंवा मुलांवरील मायेचा नव्हता. ओकावाचे शिक्षकही मुलांसोबतच गेले. एका ठिकाणी ‘नकाशा हा अंदाज असतो’ ही गोष्ट आधीच शिकवलेली होती आणि निर्णय मुलांच्या पायांत उतरलेला होता. दुसऱ्या ठिकाणी तो निर्णय त्या घटकेला, थंडीत, हादरे बसत असताना घ्यावा लागला.

जपानच्या हवामान खात्यानेही यातून धडा घेतला. २०१३ पासून अतिप्रचंड भूकंपानंतरच्या पहिल्या इशाऱ्यात लाटेची उंची मीटरमध्ये न सांगता ‘प्रचंड’ अशा शब्दात सांगितली जाते. खात्री नसलेला आकडा नेमका वाटतो, आणि नेमकेपणामुळे लोकांना खोटा दिलासा मिळू शकतो, हे त्यामागचे सूत्र आहे.

अणुभट्टी : न दिसणारा धोका

आता तिसऱ्या संकटाकडे वळू. भूकंप होताच चालू असलेल्या तिन्ही अणुभट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. पण अणुभट्टी बंद करणे हे चुलीतले लाकूड ओढून घेण्यासारखे नसते. विखंडन थांबले तरी त्यातून तयार झालेली किरणोत्सर्गी द्रव्ये उष्णता देतच राहतात. बंद होताक्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या ६ ते ७ टक्के असते, दिवसाभराने सुमारे अर्धा टक्का. ती काढून नेण्यासाठी पाणी सतत खेळते ठेवावे लागते आणि त्यासाठी वीज लागते. बाहेरची वीज भूकंपाने गेली होती, आणि डिझेलवर चालणारी जनित्रे १४-१५ मीटरच्या लाटेने बुडाली. इंधन तापून वितळले, त्याच्या आवरणाच्या धातूची वाफेशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन तयार झाला, आणि १२, १४ व १५ मार्चला स्फोट झाले. हे स्फोट हायड्रोजनचे होते, अणुबाँबसारखे नव्हते. पण दूरचित्रवाणीवर इमारतीचे छप्पर उडताना पाहणाऱ्या माणसाला हा भेद कसा कळावा?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लोक धोक्याचे मोजमाप कसे करतात याविषयी एक महत्त्वाचा लेख लिहिला होता. तज्ज्ञ मंडळी धोका मोजताना मुख्यतः अपेक्षित मृत्यूंची संख्या पाहतात. सामान्य माणूस आणखी काही प्रश्न विचारतो : हा धोका मला दिसतो का? तो मी स्वतः पत्करला की माझ्यावर लादला गेला? तो माझ्या हाताबाहेर आहे का? त्याचा परिणाम मुलाबाळांवर, पुढच्या पिढीवर होईल का? किरणोत्सर्गाच्या बाबतीत या साऱ्या प्रश्नांची उत्तरे भीती वाढवणारीच येतात. त्याला रंग नाही, वास नाही. शिवाय जपानी मनात हिरोशिमा आणि नागासाकी आहेत. म्हणून या भीतीला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे बरोबर नाही. ती काही नियमांनी चालते, आणि ते नियम समजण्याजोगे आहेत.

तरीही या भीतीची काही रूपे निव्वळ गैरसमजातून आली होती. त्यातले एक मिठाचे. मार्च २०११ च्या मध्यास चीनमधील कित्येक शहरांत लोकांनी आयोडीनयुक्त मीठ विकत घेण्यासाठी झुंबड केली आणि दुकाने रिकामी झाली. या समजामागे एक अर्धसत्य होते. अणुभट्टीतून निसटणारे किरणोत्सर्गी आयोडीन गळ्यातील थायरॉईड ग्रंथीत साठते. आधीच साध्या आयोडीनची मोठी मात्रा दिली तर ग्रंथी भरून जाते आणि किरणोत्सर्गी आयोडीनला जागा राहत नाही. त्यासाठी मोठ्या माणसाला सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन लागते. मिठात किलोमागे ३० मिलिग्रॅम आयोडीन धरले, तर एका वेळी तीन किलोहून अधिक मीठ खावे लागेल! त्याच्या कितीतरी आधी मिठानेच जीव जाईल. याच सुमारास फिलिपाइन्समध्ये एक खोटा संदेश मोबाईलवरून फिरला : पावसात जाऊ नका, गळ्याला जंतुनाशक आयोडीन चोळा. अशा उपायांपासून दूर राहा, असे जागतिक आरोग्य संघटनेला लोकांना सांगावे लागले.

विश्वास कसा गमावला गेला

दूरदेशीच्या अफवा विरून गेल्या. फुकुशिमात मात्र माहिती वेळेवर न मिळण्याची किंमत माणसांनी मोजली.

किरणोत्सर्गी द्रव्ये वाऱ्याबरोबर कोठे जातील याचा अंदाज देणारी ‘स्पीडी’ नावाची संगणकीय प्रणाली जपानकडे होती. केंद्रातून नेमके किती द्रव्य बाहेर पडते आहे ते ठाऊक नसल्याने तिचे निष्कर्ष अनिश्चित होते, आणि ते २३ मार्चपर्यंत जाहीर केले गेले नाहीत. दरम्यान नामिए गावातील हजारो लोक वायव्येकडील त्सुशिमा भागात आश्रयाला गेले होते. १५ मार्चला वारा नेमका त्याच दिशेने वाहिला आणि पाऊस-बर्फाबरोबर द्रव्ये खाली उतरली. सुरक्षित समजून गाठलेली जागाच अधिक दूषित ठरली.

सरकारी निवेदनांत एक वाक्य वारंवार येत असे, की प्रकृतीवर ‘ताबडतोब’ परिणाम होणार नाही. वैज्ञानिकदृष्ट्या ते चूक नव्हते. पण ऐकणाऱ्या आईच्या मनात लगेच प्रश्न उभा राही : मग नंतर होणार का? इंधन वितळल्याचे कंपनीने मे महिन्यात मान्य केले. तो शब्द वापरू नये असा आदेश वरून होता, हे २०१६ मध्ये चौकशी समितीने दाखवून दिल्यावर कंपनीने माफी मागितली. अशा वेळी लोक पुढच्या प्रत्येक आकड्याकडे, तो खरा असला तरी, संशयाने पाहू लागतात.

याचे बोलके उदाहरण शाळांच्या मैदानांचे आहे. १९ एप्रिल २०११ रोजी शिक्षण मंत्रालयाने जाहीर केले, की मैदानावरील मापन ताशी ३.८ मायक्रोसीव्हर्टपेक्षा कमी असेल तर शाळा नेहमीसारखी चालवावी. हा आकडा आला कोठून, ते आपण करून पाहू. मूल रोज ८ तास बाहेर आणि १६ तास घरात असते, आणि घरात किरणांची मात्रा बाहेरच्या ०.४ पट असते असे धरले होते.

बाहेर : ८ × ३.८ = ३०.४
घरात : १६ × ३.८ × ०.४ = २४.३
एका दिवसात : सुमारे ५४.७ मायक्रोसीव्हर्ट
वर्षात : ५४.७ × ३६५ = सुमारे २०,००० मायक्रोसीव्हर्ट, म्हणजे २० मिलिसीव्हर्ट

निसर्गातून आपल्याला जगभर सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळतच असते. सुमारे १०० मिलिसीव्हर्टच्या पुढे कर्करोगाचे प्रमाण वाढलेले स्पष्टपणे दिसते. त्याखाली वाढ असली तरी इतकी लहान, की लोकसंख्येच्या नोंदींत वेगळी काढता येत नाही. आपत्तीनंतरच्या काळासाठी वर्षाला १ ते २० मिलिसीव्हर्ट ही आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. मंत्रालयाने त्यातली वरची मर्यादा घेतली, आणि तीही मुलांसाठी. सरकारचे एक सल्लागार, टोकियो विद्यापीठातील किरणसुरक्षेचे प्राध्यापक, यांनी या मुद्द्यावर डोळ्यांत पाणी आणून राजीनामा दिला. पालक रस्त्यावर आले. मे अखेरीस मंत्रालयाने शाळेतील मात्रा १ मिलिसीव्हर्टवर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. मैदानांवरची वरची माती काढली गेली आणि मापन बरेच खाली आले.

यात कोण बरोबर होते? आकडेमोड बरोबर होती. पण ‘किती धोका आहे’ हा विज्ञानाचा प्रश्न आणि ‘किती धोका चालेल’ हा समाजाचा प्रश्न, हे दोन वेगळे आहेत. दुसऱ्याचे उत्तर पालकांना न विचारता दिले गेले, आणि भांडण तेथे झाले.

भीतीचीही किंमत असते

संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे, की फुकुशिमातील रहिवाशांच्या प्रकृतीवर थेट किरणोत्सर्गामुळे झालेला अपाय नोंदला गेलेला नाही. केंद्रात काम केलेल्या एका कामगाराचा फुप्फुसाच्या कर्करोगाने झालेला मृत्यू मात्र सरकारने २०१८ मध्ये कामाशी संबंधित म्हणून मान्य केला. याउलट स्थलांतर, त्यातील हाल, उपचारांत पडलेला खंड आणि खचलेले मन यांमुळे झालेले मृत्यू फुकुशिमा प्रांतात २,३०० हून अधिक नोंदले गेले आहेत. त्यांत बहुतेक वृद्ध होते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना घाईने बसमधून हलवताना काहीजण वाटेतच गेले.

याचा अर्थ स्थलांतर करायलाच नको होते असा सरसकट काढता येणार नाही; पहिल्या दिवसांत पुढे काय होईल ते कोणालाच ठाऊक नव्हते. परंतु लहान मुलांना तातडीने हलवणे आणि अत्यवस्थ वृद्धांना व्यवस्था होईपर्यंत पक्क्या इमारतीत ठेवणे, असा भेद करता आला असता. असा भेद करायला आधीची तयारी लागते.

या लाटेचे पडसाद दूरवर उमटले. जर्मनीने अणुवीज सोडण्याचा निर्णय घेतला आणि १५ एप्रिल २०२३ रोजी शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर प्रकल्पाला जमिनीच्या आणि मासेमारीच्या प्रश्नावरून आधीच विरोध होता; फुकुशिमानंतर तो तीव्र झाला. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एकाचा मृत्यू झाला. तेथेही ‘लोकांना विज्ञान कळत नाही’ असे म्हटले गेले आणि ‘सरकार काहीतरी लपवते आहे’ असेही. दोन्ही बाजूंना हाताशी धरता येईल असे समान मोजमाप गावापर्यंत पोहोचलेलेच नव्हते.

वर्गात काय करता येईल?

फुकुशिमा शहरातील एका विद्यालयाच्या मुलांनी याच प्रश्नाला हात घातला. आपण खरोखर किती मात्रा घेतो आहोत, हे त्यांना स्वतः पाहायचे होते. जपान, फ्रान्स, पोलंड आणि बेलारूस येथील मिळून २१६ विद्यार्थी व शिक्षकांनी २०१४ मध्ये दोन आठवडे लहान मात्रामापक अंगावर बाळगले आणि कोणत्या वेळी कोठे होतो याची वही ठेवली. वस्ती असलेल्या भागातील फुकुशिमाच्या मुलांची मात्रा इतर ठिकाणच्या मुलांइतकीच निघाली. हे काम २०१६ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सरकारने सांगितले असते तर कदाचित कोणी मानले नसते. मुलांनी मोजले, आणि वही सर्वांपुढे ठेवली.

आपल्या शाळेत मात्रामापक नसेल. तरी मिठाचा हिशेब फळ्यावर मांडता येतो. ३.८ चा आकडा मुलांकडून काढून घेता येतो, आणि ‘तुम्ही पालक असता तर कोणती मर्यादा ठरवली असती?’ असा वाद वर्गात घडवता येतो. एखादी अफवा घेऊन तिच्यात खरे किती आणि खोटे किती, ते वेगळे काढता येते. आणि सर्वांत आधी, आपल्या शाळेची आपत्तीयोजना कपाटातून काढून मुलांबरोबर वाचता येते : पूर आला, आग लागली, जमीन हलली, तर कोणत्या वाटेने जायचे, कोठे थांबायचे, आणि ती जागाही असुरक्षित दिसली तर पुढे कोठे? हे प्रश्न साध्या दिवशी, उन्हातल्या मैदानावर चालत जाऊन सोडवायचे आहेत. ओकावाच्या शिक्षकांना ते सोडवायला फक्त पाऊण तास मिळाला होता.